अणुपाणबुड्यांच्या गोदीतले कामगार आणि रेडिएशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छातीवर रेडिएशनचा डोस मोजणारा बॅज लावून काम करणाऱ्या माणसाला घरचे आणि शेजारचे फिरून फिरून एकच विचारतात, ‘याने काही होत नाही ना?’ मी मुंबईत गोदीमध्ये बरीच वर्षं वेल्डिंगचे जोड रेडिओग्राफीने, म्हणजे एक्स-रेसारखे किरण सोडून, तपासायचं काम केलं. त्यामुळे हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की त्याचं नीट उत्तर आपल्याला माहीत असायलाच हवं असं वाटायला लागलं. शोधत शोधत पोचलो अमेरिकेतल्या पोर्ट्समथच्या नौदल गोदीपाशी. रेडिएशनमध्ये काम केलेल्या गोदी कामगारांचा इतका प्रदीर्घ पाठपुरावा जगात फार थोड्या ठिकाणी झालाय. लोक मला जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहितो.

ही गोदी नेमकी कुठे आहे आणि तिथे काय चालायचं?

नाव पोर्ट्समथ, पण गोदी आहे मेन राज्यातल्या किटरी गावाजवळ, पिस्काटाक्वा नदीतल्या बेटावर. नदीच्या पलीकडे न्यू हॅम्पशायरमधलं पोर्ट्समथ शहर. १९५७ मध्ये इथे ‘स्वोर्डफिश’ ही गोदीची पहिली अणुपाणबुडी पाण्यात सोडली गेली. १९६३ मध्ये १२९ माणसांसह बुडालेली ‘थ्रेशर’ही याच गोदीने बांधलेली. इथली शेवटची पाणबुडी ‘सँड लान्स’ १९६९ मध्ये पाण्यात उतरली. तेव्हापासून गोदीकडे मुख्यतः दुरुस्ती, देखभाल आणि अणुभट्टीतलं इंधन बदलण्याचं काम राहिलं.

अणुभट्टी बंद असताना कामगारांना रेडिएशन कुठून मिळायचं?

हे समजलं की पुढचं बरंच सोपं होतं. नवी पाणबुडी बांधताना रेडिएशन जवळपास नसतंच, कारण भट्टी अजून पेटलेली नसते. डोस मिळतो तो दुरुस्तीत. भट्टीतून फिरणाऱ्या पाण्यात पाइप, पंप आणि व्हॉल्व्ह यांच्या झिजेचे बारीक कण मिसळतात. त्यात कोबाल्ट असतं. भट्टीतल्या न्यूट्रॉनच्या माऱ्यात त्याचं कोबाल्ट-६० होतं आणि ते पाइपांच्या आतल्या बाजूला थर धरून बसतं. भट्टी बंद केली तरी हा थर गॅमा किरण सोडत राहतो. त्याचं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं, म्हणजे बोट किनाऱ्याला लागली आणि काही आठवडे थांबलं की तो निवेल, असं नाही.

पाणबुडीचा अणुभट्टीचा कप्पा किती अडचणीचा असतो ते सांगायला नको. वेल्डर, पाइप फिटर, इन्सुलेशनवाले, इलेक्ट्रिशियन यांना अंग चोरून आत शिरायचं, पाइपाला जवळपास चिकटून काम करायचं आणि ठरलेली मिनिटं संपली की बाहेर यायचं. अंतर आणि वेळ, डोस ठरतो तो मुख्यतः या दोन गोष्टींवर. तिथे अंतर ठेवायची सोय नसायची. मग हातात उरायची ती वेळ.

हा प्रश्न पहिल्यांदा उचलला कोणी?

डॉ. थॉमस नजारियन यांनी. बोस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ते रक्तविकारांचे डॉक्टर होते. १९७७ मध्ये त्यांच्याकडे ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेला एक वेल्डर आला. पोर्ट्समथच्या गोदीत अणुपाणबुड्यांवर काम केलेला. बोलता बोलता तो म्हणाला, माझ्याबरोबर काम करणारे बरेच जण तरुण वयातच गेले.

एखादा डॉक्टर मान डोलावून पुढच्या पेशंटकडे वळला असता. नजारियन मागे लागले. ‘बोस्टन ग्लोब’ वर्तमानपत्राच्या शोधपथकाच्या मदतीने त्यांनी मेन, न्यू हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्स या तीन राज्यांतले १९५९ ते १९७७ दरम्यानचे सुमारे एक लाख मृत्यूचे दाखले चाळले. त्यांतून गोदीत काम केलेल्या १,७२२ जणांचे दाखले निघाले. मग नातेवाइकांना फोन करकरून विचारलं, की यांनी रेडिएशनमध्ये काम केलं होतं का. १९७८ च्या मे महिन्यात संख्याशास्त्रज्ञ थिओडोर कोल्टन यांच्याबरोबर त्यांचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. अणुकाम केलेल्यांमध्ये ल्युकेमियाने सरासरीच्या हिशेबाने एखादा मृत्यू दिसायला हवा होता, तिथे ६ दिसले. सगळे कर्करोग मिळून प्रमाण अपेक्षेच्या १.७८ पट. गोदीच्या आसपासच्या गावांत खळबळ माजली.

म्हणजे रेडिएशनने माणसं मेली हे तेव्हाच सिद्ध झालं?

नाही. आणि का नाही, हे कळायला थोडा धीर धरून वाचावं लागेल, कारण आरोग्याच्या कुठल्याही बातमीत हाच घोटाळा पुन्हा पुन्हा होतो.

पहिली गोष्ट. नजारियनांकडे मृत माणसं होती, जिवंत माणसांची यादी नव्हती. गोदीत एकूण किती जण होते आणि त्यांतले किती गेले, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यामुळे शंभर मृत्यूंपैकी किती कर्करोगाचे, एवढंच त्यांना मोजता आलं. आता गोदीत घेतलेला माणूस धडधाकट असतो, हृदयविकाराने लवकर जायची शक्यता त्याच्या बाबतीत कमी. शंभरातला हृदयविकाराचा वाटा घटला, की कर्करोगाचा वाटा आपोआप फुगतो, एकही माणूस जास्तीचा कर्करोगाने गेला नसला तरी.

दुसरी गोष्ट नातेवाइकांच्या उत्तरांची. नवरा कर्करोगाने गेलेली बाई त्याच्या कामाबद्दल वर्षानुवर्षं विचार करत असते. तिला बॅज आठवतो, डबा बंद करताना त्याने सांगितलेली गोष्ट आठवते. अपघाताने गेलेल्याच्या घरी तसं कोणी आठवत बसत नाही. शिवाय काही जणांना अणुकामगार धरलं गेलं ते चुकीचं होतं. पुढे १९८५ मध्ये खुद्द कोल्टन ज्यात सहलेखक होते, अशा एका लेखाने पहिल्या अभ्यासात हा एकतर्फीपणा कसा शिरला ते तपासून दाखवलं. नौदलाच्या नोंदी हाती आल्यावर नजारियन यांनीही आपले आधीचे आकडे बरोबर नव्हते हे अमेरिकी काँग्रेससमोर मान्य केलं.

काही जण यावरून नजारियनांना घाईघाईचा माणूस ठरवतात. मला ते पटत नाही. त्यांनी नौदलाकडे डोसाच्या नोंदी मागितल्या होत्या, त्या वेळेवर मिळाल्या नाहीत. कपाटात कुलूपबंद कागद असताना विधवांना फोन करून माहिती गोळा करावी लागली, यात दोष कोणाचा? आणि त्यांनी तो प्रश्न विचारला नसता, तर पुढचा एकही अभ्यास झाला नसता.

मग सरकारने काय केलं?

अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेने, म्हणजे नायोशने, गोदीचं हजेरीपट आणि डोसाच्या नोंदी घेऊन अभ्यास हाती घेतला. १९५२ ते १९७७ दरम्यान काम केलेले २४,५४५ गोरे पुरुष कामगार. त्यांत ७,६१५ जणांना रेडिएशन मिळालं होतं, सरासरी आयुष्यभराचा डोस २.७८ रेम, म्हणजे सुमारे २८ मिलिसिव्हर्ट (दोन्ही रेडिएशनचा डोस मोजायची एककं). सर्वांत जास्त मिळालेल्याचा ९१ रेमच्या वर. १९८१ मध्ये निकाल आला: ल्युकेमियाचे मृत्यू अपेक्षेपेक्षा किंचित कमीच.

यात स्त्रिया नव्हत्या, कृष्णवर्णीय कामगार नव्हते. ही उणीव पुढे भरून निघाली, पण तोवर बरीच वर्षं गेली होती.

जॉन्स हॉपकिन्सचा अभ्यास वेगळा का मानतात?

कारण त्याचा आवाका मोठा होता. पोर्ट्समथच्या गदारोळानंतर अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने पैसे दिले आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जेनेव्हिव्ह मॅटानोस्की यांच्याकडे काम सोपवलं. सहा सरकारी गोद्या आणि दोन खाजगी: पोर्ट्समथ, चार्ल्सटन, नॉर्फोक, मेअर आयलंड, प्यूजेट साउंड, पर्ल हार्बर, ग्रोटनची इलेक्ट्रिक बोट आणि न्यूपोर्ट न्यूज. अहवाल १९९१ मध्ये पूर्ण झाला.

याची मांडणी मला आवडते. तुलना एकाच गोदीतल्या माणसांची. एका बाजूला अणुकाम करणारे, दुसऱ्या बाजूला त्याच गेटमधून येणारे, तशीच कामं करणारे, पण रेडिएशनशी संबंध नसलेले. शहरातल्या सगळ्या लोकांशी तुलना करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. ५ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून जास्त डोस मिळालेले २७,८७२, त्याहून कमी डोसवाले १०,३४८, आणि रेडिएशन न मिळालेले ३२,५१० असे तीन गट केले.

सर्वसाधारण लोकसंख्येत १०० मृत्यू अपेक्षित असतील, तर जास्त डोसवाल्यांत ७६ झाले, कमी डोसवाल्यांत ८१ आणि बिनरेडिएशनवाल्यांत १००.

म्हणजे थोडं रेडिएशन तब्येतीला चांगलं? असं एका व्हिडिओत ऐकलं.

७६ चा आकडा दाखवून ‘पाहा, रेडिएशनने आयुष्य वाढतं’ असं म्हणणारे खूप आहेत, त्यांत शास्त्रज्ञही आहेत. पण अणुकामाला माणूस कसा निवडला जायचा ते पाहा. आधी गोदीत भरती होतानाची वैद्यकीय तपासणी. मग रेडिएशनच्या कामासाठी वेगळी, जास्त कडक तपासणी, आणि ती ठरावीक काळाने पुन्हा. कर्करोग होऊन गेलेल्याला किंवा रक्तात काही वावगं दिसलेल्याला त्या कामावर घेत नसत. दोनदा चाळणीतून गेलेली ही माणसं. त्यांचं आयुर्मान एकदा चाळलेल्यांपेक्षा जास्त निघालं, यात चमत्कार तो कुठला?

याहून मोलाची तुलना २००८ मध्ये छापून आली. मॅटानोस्की आणि सहकाऱ्यांनी फक्त अणुकामगार घेतले आणि जास्त डोसवाले विरुद्ध कमी डोसवाले असं पाहिलं. सगळेच दोनदा चाळलेले. ५० मिलिसिव्हर्टच्या वर गेलेल्यांची तुलना ५ ते १० मिलिसिव्हर्टवाल्यांशी केली, तर ल्युकेमियाचा धोका २.४१ पट आला. पण अनिश्चितता अवाढव्य: खरा आकडा अर्ध्यापासून चोवीसपटीपर्यंत कुठेही असू शकतो. मृत्यू फार थोडे होते, म्हणून. यावरून ‘धोका आहे’ असं ठामपणे म्हणता येत नाही, आणि ‘फायदा आहे’ असं तर मुळीच नाही.

आणखी एक. या अभ्यासातले मृत्यू १९८१ पर्यंतचेच धरले होते. कर्करोगाला उगवायला दहा, वीस, चाळीस वर्षं लागतात. १९७५ मध्ये डोस घेतलेल्या माणसाबद्दल १९८१ ला काय कळणार?

गोदीत माणसांना खरोखर मारलं कशाने?

मला विचाराल तर या सगळ्या कागदांतलं सर्वांत मोठं उत्तर हे आहे, आणि त्याबद्दल कोणी फारसं विचारत नाही. ॲस्बेस्टॉसने.

हॉपकिन्सच्या अहवालात मेसोथेलिओमा हा छातीच्या अस्तराचा कर्करोग अणुकामगारांच्या दोन्ही गटांत अपेक्षेच्या पाचपटीहून जास्त होता आणि रेडिएशन न मिळालेल्यांतही जवळपास अडीचपट. हा आजार मुख्यतः ॲस्बेस्टॉसमुळेच होतो. अणुकामगारांत जास्त का? कारण भट्टीच्या कप्प्यातले पाइप ॲस्बेस्टॉसच्या उष्णतारोधक आवरणात गुंडाळलेले. ते आवरण तोडायचं, काम करायचं, पुन्हा गुंडाळायचं, आणि तेही हवा कोंडलेल्या जागेत. रेडिएशनचा डोस मिनिटं मोजून घेतला जात होता. शेजारी उडणारी पांढरी धूळ मात्र वर्षानुवर्षं कोणी मोजत नव्हतं.

फुप्फुसाच्या कर्करोगाचंही तेच. नायोशने १९८८ मध्ये पोर्ट्समथमधले ४०५ फुप्फुस कर्करोगाचे मृत्यू घेऊन तपासलं. आधी वाटलं होतं रेडिएशनबरोबर धोका वाढतोय. ॲस्बेस्टॉस आणि वेल्डिंगचा धूर हिशेबात धरल्यावर तो बराच खाली आला. ल्युकेमियाच्या १९८६ च्या तपासणीत इलेक्ट्रिशियन आणि वेल्डर हे दोन धंदे उठून दिसले होते.

आपल्याकडे मुंबईच्या दारुखाना भागात आणि गुजरातमध्ये अलंगला जुनी जहाजं तोडतात. त्या जहाजांच्या इंजिनरूममध्येही हेच आवरण असतं. रेडिएशनची भीती वाटणाऱ्या माणसाने आधी नाकातोंडाशी काय उडतंय ते पाहावं, असं मी माझ्या पोरांना, म्हणजे हाताखाली शिकणाऱ्यांना, नेहमी सांगायचो.

मग रेडिएशनचा ल्युकेमियाशी संबंध नाही, असा निष्कर्ष काढायचा का?

नाही. इथेच पाठपुरावा लांबवण्याचं महत्त्व दिसतं. नायोशने पोर्ट्समथचा गट पुन्हा उघडला: १९५२ ते १९९२ दरम्यान काम केलेले ३७,८५३ कामगार, या वेळी स्त्रिया आणि सर्व वंशांचे, मृत्यूच्या नोंदी १९९६ पर्यंत. २००५ मध्ये ल्युकेमियाचे ११५ मृत्यू आणि त्यांच्या तुलनेला ४६० कामगार असा तपशीलवार अभ्यास आला. बेंझिन, कार्बन टेट्राक्लोराइडसारख्या द्रावकांचा परिणाम बाजूला काढूनही, १० मिलिसिव्हर्ट डोसामागे ल्युकेमियाची शक्यता सुमारे ८ टक्क्यांनी वाढलेली दिसली. द्रावकांचाही स्वतंत्र परिणाम दिसला.

या काळात संशोधकांनी एका विसरलेल्या गोष्टीचाही हिशेब केला. कामगारांना सक्तीने काढाव्या लागणाऱ्या छातीच्या एक्स-रेचा. जुन्या पद्धतीच्या एक्स-रेला डोस बराच लागायचा, आणि तो बॅजवर कधीच चढत नसे. तपासणी कामासाठीच होत होती, पण खात्यात मात्र जमा होत नव्हती.

पुढे पोर्ट्समथचे हे कामगार इनवर्क्स नावाच्या मोठ्या अभ्यासात सामील झाले. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स मिळून तीन लाखांहून जास्त अणुकामगार. २०१५ मध्ये ल्युकेमियाचा निकाल आला: वर्षाला सरासरी १.१ मिलिग्रे (ग्रे हेही डोसाचंच एकक; गॅमा किरणांसाठी एक मिलिग्रे म्हणजे साधारण एक मिलिसिव्हर्ट) इतक्या हळूहळू मिळालेल्या डोसानेही धोका डोसाबरोबर वाढतो. २०२३ मध्ये इतर कर्करोगांबद्दलही तसंच दिसलं, एक ग्रे डोसामागे मृत्यूचं प्रमाण सुमारे ५२ टक्क्यांनी जास्त. एक ग्रे हा प्रचंड डोस, या कामगारांतल्या बहुतेकांना त्याचा छोटासा अंशच मिळालेला.

तेव्हा १९७७ च्या त्या वेल्डरचा संशय दिशेने बरोबर होता. आकडा नजारियनांच्या पहिल्या लेखातला पाच-सहापटीचा नव्हता, इतकंच.

मिलिसिव्हर्ट म्हणजे नक्की किती? अंदाज येईल असं सांगा.

जमीन, हवा आणि आकाशातून आपल्या सर्वांना वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतंच. पोटाच्या एका सीटी स्कॅनला ८ ते १० च्या आसपास. भारतात रेडिएशन कामगाराची मर्यादा पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. अमेरिकेत आजही कायद्याची वार्षिक मर्यादा ५०.

बॅजवर विसंबता येतं का?

बॅज खोटं बोलत नाही. माणूस त्याला खोटं बोलायला लावतो.

आपल्याकडचा टीएलडी बॅज हातात घेऊन पाहा. प्लास्टिकची छोटी डबी, आत कार्डावर तीन पांढऱ्या चकत्या. एकीवर धातूचं झाकण, एकीवर प्लास्टिकचं, तिसरी उघडी. त्यावरून कुठल्या प्रकारचं रेडिएशन किती मिळालं ते कळतं. तीन महिन्यांनी कार्ड प्रयोगशाळेत जातं, तापवलं की चकती मंद प्रकाश सोडते, त्या प्रकाशावरून डोस. पोर्ट्समथला सुरुवातीच्या काळात याऐवजी फोटोची फिल्म असायची.

आमचं काम रात्री चालायचं. पाळी सुटली, लोक गेले, की दोरी बांधायची, लाल दिवा लावायचा, जोडाच्या मागे फिल्म चिकटवायची आणि लांब जाऊन हँडल फिरवायचं. केबलवरून इरिडियमचा सोर्स, म्हणजे किरण सोडणारा तुकडा, कॅमेऱ्यातून (त्याच्या संरक्षक पेटीला आम्ही कॅमेरा म्हणतो) बाहेर सरकला, की हातातल्या मीटरचा काटा उडी मारतो. तो काटा परत खाली येईपर्यंत कोणी बोलत नसे. एका ठेकेदाराकडे माझा एक सहकारी होता. काम जास्त असलं की तो बॅज लॉकरमध्ये ठेवून जायचा. का, तर डोस चढला तर त्याला कामावरून काढतील आणि रात्रपाळीचा भत्ता बुडेल. ठेकेदाराला हे माहीत होतं. तो काही म्हणाला नाही, कारण त्याचंही कामच पुढे सरकत होतं. मीही तेव्हा गप्प राहिलो, आणि त्याची टोचणी आजही आहे. त्या महिन्यांचा त्याचा डोस कागदावर शून्य आहे. उद्या त्याला काही झालं, तर तो कागद त्याच्याच विरुद्ध साक्ष देईल.

पोर्ट्समथच्या कामगारांना भरपाई मिळाली का?

अण्वस्त्रांच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी अमेरिकेने २००० मध्ये वेगळा भरपाई कायदा केला. त्यात ठरावीक ठिकाणच्या, ठरावीक कर्करोग झालेल्यांना डोस सिद्ध करायच्या कटकटीतून बरीच सूट मिळते. नौदलाच्या अणुपाणबुड्यांचा कार्यक्रम त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. सरकारी गोदीतल्या कामगाराला संघराज्याच्या जुन्या कर्मचारी भरपाई कायद्यानेच दावा करावा लागतो, आणि आजार कामामुळेच झाला हे दाखवावं लागतं. तोच कोबाल्ट, तेच गॅमा किरण, पण गेटवरची पाटी वेगळी म्हणून न्याय वेगळा. हे मला अजिबात मान्य नाही.

मी भारतात रेडिएशनचं काम करतो किंवा केलंय. मी काय करावं?

बॅज सुरू झाला की तुम्हाला एक वैयक्तिक क्रमांक मिळतो. नोकरी बदलली तरी तोच क्रमांक पुढे चालवायला सांगा, नवा घेऊ नका, नाहीतर डोस दोन माणसांच्या नावावर विभागला जातो. देशभरातल्या रेडिएशन कामगारांच्या डोसाची राष्ट्रीय नोंद मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राकडे असते. काम सोडताना तुमच्या रेडिएशन सुरक्षा अधिकाऱ्याकडून आजवरच्या एकूण डोसाचा लेखी तपशील मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. एखादी तिमाही कोरी असेल तर का कोरी आहे ते त्याच कागदावर लिहून घ्या.

सोबत एक साधी वही ठेवा. कुठल्या वर्षी कुठे होतात, काय काम केलंत, आसपास ॲस्बेस्टॉस होतं का, कुठली द्रावकं वापरलीत, विडी-सिगारेट किती. फुप्फुस किंवा रक्ताची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर ती वही बरोबर न्या आणि ती कुठे ठेवली आहे ते घरात सांगून ठेवा. पोर्ट्समथच्या बायकांना फोनवर नवऱ्याच्या कामाबद्दल विचारलं गेलं, तेव्हा त्यांच्याकडे आठवणीशिवाय काहीच नव्हतं.